काळे आकाश आणि भास्कराचार्य

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी ग्वाल्हेरला आत्याकडे गेले होते. लष्कर भागात तिचे जुने घर आहे. घरात बोलणे मराठी, पण दर चार वाक्यांनी हिंदीचा एखादा शब्द डोकावल्याशिवाय राहत नाही. आतोबांचे थोरले बंधू तिथेच असतात. त्यांना सारे नाना म्हणतात. वय ऐंशीच्या घरात, पण वाचन दांडगे आणि भागवताचा व्यासंग जुना.

भाऊबीजेच्या दुपारी जेवणे झाल्यावर नानांनी मला मुद्दाम जवळ बोलावले. मी बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र घेतले आहे, हे त्यांना ठाऊक होते. चंद्रावर उतरलेल्या माणसांच्या छायाचित्रांत जमीन उन्हाने लखलखते आणि वरचे आकाश मात्र अमावास्येच्या रात्रीसारखे काळे दिसते, हे कसे, असा त्यांचा प्रश्न होता. सूर्य तिथे आहे, तर मग उजेड गेला कुठे? त्यांचे उत्तर तयारच होते. ती छायाचित्रे कुठल्यातरी अंधाऱ्या खोलीत काढलेली असणार. आणि ती खोटी, तर पृथ्वीचा गोलही खोटा. पुराणातले पसरट भूमंडळ आणि मध्ये मेरू, हेच खरे. अलीकडे नातवाच्या मोबाईलवर याच मताची काही व्याख्याने त्यांनी ऐकली होती, त्यामुळे त्यांना बळ चढले होते.

मी हसले. नुसती हसले असते तरी चालले असते, पण सगळ्यांदेखत म्हणून गेले की हे आमच्याकडे पाचवीतल्या पोरालाही कळते. माजघर एकदम शांत झाले. नानांनी पानाचा डबा मिटला आणि ते उठून आपल्या खोलीत गेले. आत्या मला काहीच बोलली नाही. बोलली असती तर बरे वाटले असते.

रात्री अंथरुणावर पडून मी मनाशी उत्तर जुळवू लागले आणि घाम फुटला. कारण नानांना पटेल असे उत्तर मलाही देता येईना! पृथ्वी गोल आहे, हे मला पुस्तकात छापलेले ठाऊक होते. ते नाकारणाऱ्याशी कसे बोलावे, हे ठाऊक नव्हते. छायाचित्रे पुरावा म्हणून दाखवावीत, तर त्यांच्या खरेपणावरच वाद.

दुसऱ्या दिवशी आतोबांच्या कपाटात शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ सापडला. पहिली आवृत्ती १८९६ची. त्यात जुन्या ज्योतिष्यांची चरित्रे आहेत. (याच ग्वाल्हेरात राहून सायन पंचांगासाठी भांडलेले विसाजी रघुनाथ लेले दीक्षितांचे सहकारी. म्हणजे ज्योतिषाचे वाद या गावाला नवे नाहीत.) पाने चाळता चाळता मी भास्कराचार्यांपाशी थांबले आणि पुढचे चार दिवस तिथेच राहिले.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६चा, म्हणजे इ.स. १११४चा. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. जन्मस्थान सह्याद्रीजवळचे विज्जडविड, गोत्र शांडिल्य. वडील महेश्वर स्वतः ज्योतिषी आणि तेच त्यांचे गुरू. आता हे विज्जडविड कोणते, यावर विद्वानांचे एकमत नाही. आपल्या अंकाच्या कन्नड विभागातील मित्र विजापूरकडे बोट दाखवतील, मराठी विभागातले खानदेशाकडे. बेळगावात राहून मी या भांडणात पडणार नाही. चाळीसगावजवळच्या पाटण येथे त्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा, शिलालेख आहे आणि तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला, एवढे निश्चित. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी चांगदेवाने तिथे मठ स्थापला आणि १२०७ साली त्याला दान मिळाले. लेखाचा बराच भाग संस्कृत आहे, पण दानाचा तपशील जुन्या मराठीत. ज्याला ते दान समजायला हवे त्याच्या भाषेत ते लिहिले, हे मला फार आवडले.

त्या लेखात घराण्याची वंशावळही आहे. एका पूर्वजाला धारच्या भोजराजाने विद्यापती ही पदवी दिली होती. भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपालाच्या पदरी पंडित होता आणि नातू चांगदेव सिंघणाचा ज्योतिषी. भास्कराचार्य उज्जैनच्या वेधशाळेचे प्रमुख होते असे आपण शाळेत वाचतो. पाटणच्या लेखात मात्र त्याचा उल्लेख नाही.

छत्तिसाव्या वर्षी, ११५० साली, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ पुरा केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय असे त्याचे चार भाग. लीलावती ही त्यांची मुलगी, घटिकापात्रात मोती अडकून तिच्या लग्नाची वेळ टळली, ही कथा सर्वांना माहीत आहे. ती येते मात्र अकबराच्या दरबारातील फैजीने १५८७ साली केलेल्या फारसी भाषांतरातून, म्हणजे चारशेहून अधिक वर्षांनंतर. फैजीचा धाकटा भाऊ अबुल फजल ग्वाल्हेरजवळच आंतरी येथे पुरलेला आहे. ती कबर पाहायला जायचे माझ्या मनात होते, पण घरातल्या अबोल्यामुळे ‘मला फिरायला न्या’ असे म्हणायची सोय राहिली नव्हती.

मला हवे होते ते गोलाध्यायात सापडले. पृथ्वी सपाट मानणारे त्यांच्याही काळी होते आणि तेही पुराणांचाच आधार घेत. भास्कराचार्यांची रीत अशी, की समोरच्याचे म्हणणे आधी घटकाभर खरे धरायचे आणि त्याच वाटेने पुढे चालत जायचे. पृथ्वी आरशासारखी सपाट असेल आणि सूर्य तिच्यावर उंच फिरत असेल, तर तो सर्वांना सदा दिसायला हवा. रात्र कशी होते? मेरूच्या आड जातो म्हणावे, तर मग सूर्याच्या आणि आपल्या मध्ये उभा असलेला तो मेरू दिसत का नाही? आणि मेरू उत्तरेला आहे, तर वर्षातले काही महिने सूर्य पूर्वेच्याही दक्षिणेला सरकून कसा उगवतो? मग जमीन सपाट का दिसते? परिघाचा शंभरावा भाग घेतला तर तो सरळच भासतो. पृथ्वी प्रचंड आणि माणूस लहान, म्हणून.

पृथ्वीला खालून आधार कोणाचा, यावरही त्यांचे उत्तर असेच आहे. आधाराला दुसरा आधार, त्याला तिसरा, असे किती जाणार? शेवटचा आपल्या बळावर उभा राहतो असे मानायचे, तर पृथ्वीच का नाही? खालच्या बाजूची माणसे उलटी लटकत नाहीत का, या शंकेला त्यांनी पाण्याकाठी उभ्या माणसाच्या प्रतिबिंबाचा दाखला दिला. तीही माणसे आपल्याइतकीच निर्धास्त उभी असतात. जड वस्तूला पृथ्वी आपल्याकडे ओढते, हेही त्यांनी सांगितले. (एवढ्यावरून न्यूटनच्या आधी सारे आमच्याकडे होते असे म्हणणारे लोक भेटतात. ओढ सांगणे वेगळे आणि तिचा नियम गणिताने मांडणे वेगळे. शिवाय भास्कराचार्यांची पृथ्वी विश्वाच्या मध्यभागी स्थिर आहे, हे विसरू नये.)

काळ्या आकाशाचा प्रश्न त्यांनी मांडलेला नाही. पण उत्तराचे सारे साहित्य त्यांच्या चंद्रात आहे. त्यांच्या मते चंद्र हा पाण्याचा गोळा. तो पाण्याचा नाही हे आज आपण जाणतो, पण पुढचे बरोबर आहे: उन्हात ठेवलेल्या घड्याप्रमाणे त्याची सूर्याकडची बाजू उजळते आणि दुसरी बाजू आपल्याच सावलीत काळी राहते. हे वाचले आणि मी कपाटाशेजारी तशीच बसून राहिले. चंद्रावर पडलेले ऊन आपल्याला रात्री दिसते, मग ते ऊन चंद्रापर्यंत जाते कोणत्या वाटेने? आपल्या डोक्यावरच्या काळोखातूनच ना! म्हणजे उजेड वाटेने जात असतो, पण वाट उजळत नाही. छायाचित्राची गरजच नाही.

आणखी एका ठिकाणी मी अडखळले. चंद्रग्रहण म्हणजे चंद्राने पृथ्वीच्या सावलीत शिरणे, हे भास्कराचार्य स्वच्छ सांगतात. पण मग राहूचे काय? ब्रह्मदेवाच्या वराने राहू त्या सावलीत शिरतो आणि चंद्राला झाकतो, असे म्हणून ते पुराण आणि गणित यांचा मेळ घालतात. प्रथम मला ही माघार वाटली. एवढा बुद्धिमान माणूस आणि असे दोन दगडांवर पाय? इतर मतांची टिंगल करताना तर ते मागे पाहत नाहीत. दोन सूर्य आणि दोन चंद्र मानणाऱ्यांची त्यांनी भीडभाड ठेवलेली नाही. पण राहूवर श्रद्धा असणारे लोक म्हणजे त्यांच्याच घरातले, त्यांच्याच पंक्तीचे. त्यांना घराबाहेर न काढता त्यांनी ग्रहणाचे गणित शिकवले. हे योग्य की अयोग्य, माझा निर्णय अजून झालेला नाही. पण भाऊबीजेच्या दुपारी मी काय केले होते, ते मला त्या पानावर दिसले.

पुढे याच माळव्याच्या मुलखात, भोपाळजवळच्या सीहोरला, भास्कराचार्यांचा असाच उपयोग झाला. तिथले इंग्रज अधिकारी लान्सलट विल्किन्सन यांनी शाळेत सिद्धान्तग्रंथ शिकवायला घेतले. पृथ्वी सपाट मानणाऱ्या पंडितांना थेट कोपर्निकस सांगण्याऐवजी आधी त्यांच्याच भास्कराचार्यांकडून गोल पृथ्वी पटवायची आणि मग पुढे जायचे, अशी त्यांची योजना होती. त्या मंडळींतील सुबाजी बापू यांनी १८३६ साली ‘सिद्धान्तशिरोमणिप्रकाश’ हे पुस्तक मराठीत लिहिले. पुराणे, सिद्धान्त आणि कोपर्निकस ही तिन्ही मते त्यात शेजारी शेजारी ठेवली आहेत. मराठीत या वादाला दोनशे वर्षे होत आली!

मधल्या एका सकाळी आतेभाऊ मला किल्ल्यावर घेऊन गेला. वाटेत खडकात कोरलेले लहानसे चतुर्भुज मंदिर लागते. तिथल्या इ.स. ८७६च्या लेखात देवाच्या बागेची मापे आहेत, लांबी २७० हात आणि रुंदी १८७ हात. २७० मधले शून्य आजच्यासारखेच, फक्त बारके. आपल्याकडील कोरीव शून्यांपैकी हे फार जुने. संस्कृतात शून्याला ख म्हणतात आणि ख म्हणजे आकाशही. भास्कराचार्यांनी शून्याने भागलेल्या राशीला खहर म्हटले आहे. मी ते बोटभरही नसलेले वर्तुळ पाहत बराच वेळ उभी राहिले. भावाला घाई होती.

सप्तमीच्या दुपारी मी नानांच्या खोलीत गेले. आधी नमस्कार केला आणि चुकले म्हणाले. त्यांनी नुसती मान हलवली. मग मी खिडक्या लावून घेतल्या. फटीतून उन्हाचा एक कवडसा भिंतीवर पडला होता. भिंतीवरचा ठिपका झगझगीत, पण मधली वाट जवळजवळ दिसेना. देवघरातली उदबत्ती आणून खाली धरली तेव्हा धुरात उजेडाची सरळ काठी उभी राहिली. उजेड वाटेत कशावर तरी आपटून डोळ्यांत आला तरच दिसतो. आपल्यावर हवा आहे. ती उन्हातला निळा भाग तांबड्यापेक्षा कितीतरी अधिक चहूकडे विखुरते, म्हणून दिवसाचे आकाश निळे. चंद्रावर हवा नाही, म्हणून तिथे भर दुपारीही काळोख. नानांनी उदबत्ती माझ्या हातून घेतली, दोनदा आत-बाहेर केली आणि विचारले, की मग तिथे तारे का दिसत नाहीत? मी सांगितले की लखलखीत जमिनीचे छायाचित्र घेताना कॅमेरा क्षणभरच उघडतात, तेवढ्यात मंद तारे उमटत नाहीत. हे त्यांना पटले की नाही, कळले नाही.

संध्याकाळी आम्ही गच्चीवर गेलो. अर्धा चंद्र होता आणि त्याची उजळ बाजू बरोबर सूर्य मावळला त्या दिशेला. मी भास्कराचार्यांचा घडा सांगितला. नानांनी तो श्लोक शोधून ठेवायला सांगितले. मग शर्मिष्ठेवरून ध्रुव शोधला. शाळेच्या कोनमापकाला दोरा आणि किल्ली बांधून मी त्याची उंची मोजली. सव्वीस अंशांच्या आसपास आली. भास्कराचार्य म्हणतात, विषुववृत्तावर ध्रुव क्षितिजाला टेकतो आणि उत्तरेकडे जावे तसा वर चढतो. त्यावरूनच उज्जैन विषुववृत्तापासून पृथ्वीच्या परिघाच्या सोळाव्या भागावर आहे, हे त्यांनी काढले. सपाट जमिनीवर चालत गेल्याने तारा क्षितिजापर्यंत खाली कसा उतरेल, हे मी नानांना विचारले. उत्तराऐवजी त्यांनी मला काम सांगितले. घरी गेल्यावर तिथला ध्रुव मोजून कळवायचा, आणि आकडा पुस्तकातून घ्यायचा नाही.

बेळगावला पोहोचल्याच्या तिसऱ्या रात्री आकाश निरभ्र मिळाले. आमच्या गच्चीवरून ध्रुव दिसायला शेजारच्या नारळाची अडचण होते, म्हणून पाण्याच्या टाकीवर चढले. सोळा अंश भरले. लगेच फोन केला. नानांनी आकडा दोनदा विचारून घेतला. त्या रात्री त्यांनीही कोनमापक घेऊन गच्चीवर जाऊन मोजले होते म्हणे. त्यांचे पंचवीस आले होते. दोरा वाऱ्याने हलत होता, उद्या पुन्हा मोजतो, एवढे बोलून त्यांनी फोन आत्याकडे दिला.