थरथरत्या हाताचा आशीर्वाद

आपला नाशिक धर्मप्रांत १५ मे १९८७ रोजी पुणे धर्मप्रांतातून वेगळा झाला आणि नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील आपले धर्मग्राम त्यात आले. ही स्थापना करणारे परमगुरुस्वामी म्हणजे संत जॉन पॉल दुसरे. आदल्याच वर्षी, फेब्रुवारी १९८६ मध्ये, ते भारतभेटीत पुण्यासही येऊन गेले होते. पुढे याच धडधाकट माणसाला कंपवाताने गाठले. ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांच्यासाठी आज आपण त्यांचे जीवन पाहू या.

कारोल वोयतिवा यांचा जन्म १८ मे १९२० रोजी पोलंडमधील वादोवित्से गावी झाला. ते नऊ वर्षांचेही नव्हते तेव्हा आई वारली. १९३२ साली डॉक्टर असलेला थोरला भाऊ रुग्णसेवा करताना संसर्ग होऊन गेला. १९४१ साली वडीलही गेले. तरुणपणी कारोल नाटकांत भूमिका करीत, डोंगर चढत, नाव वल्हवत. १९४६ साली ते धर्मगुरू झाले आणि १९७८ साली पोप. १९८१ साली त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, त्यातूनही ते बरे झाले.

१९९० नंतर मात्र त्यांचा डावा हात थरथरू लागला. या आजाराला पार्किन्सन म्हणतात. मेंदूत डोपामिन नावाचे द्रव्य तयार करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होतात आणि हालचालींवरचा ताबा सुटत जातो. हात कापतो, अंग ताठरते, पाऊल अडखळते, आवाज खोल जातो, घास गिळणे अवघड होते. चेहराही निर्विकार दिसू लागतो. एके काळी रंगमंच गाजवणाऱ्या या माणसाकडून आजाराने चेहरा आणि आवाज हेच दोन्ही काढून घेतले.

व्हॅटिकनने बरीच वर्षे या आजाराचे नाव उघडपणे घेतले नाही. पोप स्वतः मात्र लोकांपासून लपले नाहीत. चालता येईना तेव्हा ते चाकांच्या आसनावरून लोकांसमोर आले. ११ फेब्रुवारी हा जागतिक रुग्ण दिन त्यांनीच १९९२ साली ठरवून दिला. २७ मार्च २००५ रोजी, ईस्टरच्या दिवशी, ते खिडकीत आले. त्यांनी बोलण्याचा प्रयत्न केला, पण शब्द फुटला नाही. हातानेच आशीर्वाद देऊन ते आत गेले. २ एप्रिल रोजी रात्री त्यांनी देह ठेवला.

त्यांच्या पाठीशी माणसे होती. सचिव स्तानिस्लाव जिविश, घर सांभाळणाऱ्या पोलिश धर्मभगिनी, डॉक्टर आणि परिचारक असे सारे मिळून त्यांची काळजी घेत. आपल्या घरांत हे सगळे काम बहुधा एकट्या पत्नीवर नाही तर सुनेवर पडते. रात्री कूस बदलून देणे, घास भरवणे, पडू नये म्हणून मागे मागे फिरणे, यात तिची झोप जाते, कधी मजुरीही बुडते. तिची विचारपूस फारसे कोणी करीत नाही.

बंधुभगिनींनो, हा आजार शाप नाही, वेड नाही आणि संसर्गाचाही नाही. बाबा हसत नाहीत म्हणजे ते रागावले आहेत असे समजू नये. बऱ्याचदा चेहराच त्यांचे ऐकत नसतो. उत्तर यायला उशीर लागला तर थांबावे. त्यांचे वाक्य आपण पुरे करू नये.

पोप महाशयांना २०११ साली धन्य घोषित करताना ख्रिस्तसभेने जो चमत्कार मान्य केला, तो याच आजाराने पीडित फ्रेंच धर्मभगिनीचा होता. २०१४ साली ते संत झाले. त्यांच्या मध्यस्थीने आपण प्रार्थना जरूर करू. पण डॉक्टरांनी दिलेल्या गोळीची वेळही चुकवायची नाही, आणि ती मनाने बंद करायची नाही. गोळीने आजार मुळापासून जात नाही, तरी हालचाल पुष्कळ सुधारते.

आपल्या शेजारी असे घर असेल तर या आठवड्यात तेथे जाऊ या. तासभर रुग्णाजवळ आपण बसू. तेवढ्या वेळात त्या माउलीला मिस्साला जाऊ द्या, बाजार करू द्या, किंवा नुसते झोपू द्या.