यशवंतची आई

सावित्रीबाई फुले म्हटलं की तुम्हाला 1848 ची मुलींची शाळा आठवते. पण त्या दुसरीच्या पोटच्या मुलाची आईही झाल्या, माहितेय?

1863 मध्ये फुले दांपत्याने पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. फसवल्या गेलेल्या विधवा तिथे गुपचूप बाळंत होत. त्यांतल्याच काशीबाईंचं बाळ दोघांनी दत्तक घेतलं. तोच यशवंत. पुढे तो डॉक्टर झाला. भाऊबंदांनी मात्र त्याला आपलं मानलं नाही. 1890 मध्ये जोतीराव गेले, तेव्हा टिटवं धरण्याचा त्याचा हक्कही नाकारला. मग सावित्रीबाईंनी स्वतःच टिटवं धरलं. 1897 मध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्याच आजाराने त्या गेल्या.

आज राज्याच्या बालसंगोपन योजनेला त्यांचंच नाव आहे. मुलामागे महिन्याला 2250 रुपये मिळतात. पण दुखावलेलं मूल रात्री दचकून उठतं, तेव्हा सांभाळणाऱ्यांना समुपदेशकही लागतो. आपल्या दाभोळात असं घर ओळखीचं असेल, तर रत्नागिरीच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षाबद्दल त्यांना नक्की सांगा. सावित्रीबाईंना एकटीने उभं राहावं लागलं, त्यांना नको.