योगाला प्रयोगशाळेत नेणारे स्वामी कुवलयानंद

'योगा कर, टेन्शन जाईल' हा सल्ला सबमिशनच्या आठवड्यात घरून फोनवर हमखास येतो. आपण पडलो इंजिनिअरिंगवाले. आपला पहिला प्रश्न, प्रूफ काय? शंभर वर्षांपूर्वी एका मराठी माणसाला हाच प्रश्न पडला आणि त्यानं उत्तरासाठी अख्खं आयुष्य दिलं.

जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातेत डभोईला झाला. १९०३ साली मॅट्रिकला त्यांनी संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती पटकावली. पुढे बडोद्याला राजरत्न माणिकरावांच्या आखाड्यात शरीर कमावलं, नंतर अमळनेरला शिक्षकी केली. नर्मदाकाठी मालसरला परमहंस माधवदासांकडे ते योग शिकले. गुरूंवर श्रद्धा होतीच, पण शरीरात नेमकं काय घडतं ते पाहायचंच, असं त्यांनी ठरवलं.

१९२० च्या सुमारास त्यांनी बडोद्याच्या दवाखान्यात योगक्रियांची क्ष-किरण तपासणी सुरू केली. नौली करताना मोठ्या आतड्यातला दाब मॅनोमीटरनं मोजला, तर तो वातावरणाच्या दाबापेक्षा कमी! बस्तीक्रियेत पाणी आपोआप वर का चढतं, याचं कोडं सुटलं. फ्लुइडच्या लॅबमध्ये आपण ज्या मॅनोमीटरला कंटाळतो, त्याचा असा उपयोग वाचून मी तर थक्क झालो.

१९२४ साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं आणि 'योगमीमांसा' हे त्रैमासिक काढलं. त्यात प्रयोगांची निरीक्षणं छापून येत. १९२७ मध्ये खुद्द गांधीजींनी तब्येतीसाठी त्यांचा सल्ला घेतला. १८ एप्रिल १९६६ रोजी स्वामीजी गेले. पावसाळ्यात आपण भुशी डॅमला भिजायला जातो, त्याच लोणावळ्यात त्यांची संस्था आजही उभी आहे.

हे सगळं आत्ता सांगायचं कारण आहे. गेल्या सेमिस्टरला आमच्या विंगमधला एक जण झोप लागत नाही, छातीत धडधडतं म्हणून परीक्षा न देताच घरी गेला. हुशार पोरगा. चार केट्या असलेले आम्ही मात्र टिकलो! ताण मार्क बघून येत नाही.

स्वामीजींचा आग्रह होता की आसनं झेपतील तेवढीच करावीत, अंगाशी झगडू नये. शवासनालाही त्यांनी आपल्या पुस्तकात मानाची जागा दिली. मग आपणही त्यांच्यासारखं करून पाहू. रात्री झोपण्याआधी दहा मिनिटं शवासन, श्वासाकडे लक्ष. आधी आणि नंतर नाडीचे ठोके मोजा, वहीत लिहा. महिनाभर रीडिंग घ्या. फरक दिसला तर चालू ठेवा. नाहीच दिसला, झोप उडालेलीच राहिली, तर गप्प बसू नका; रूम पार्टनरला सांगा, रेक्टर सरांना सांगा, डॉक्टरकडे जा. जर्नल नंतरही पूर्ण करता येतं.