छातीवर हात ठेवणारा इंजिनिअर

विजेचा शॉक बसून मरण पावलेल्या माणसाच्या अंगावर अनेकदा भाजल्याची मोठी खूणही नसते. ६० वॅटच्या दिव्यातून जितका प्रवाह वाहतो, त्याहून कमी प्रवाह छातीतून गेला तरी हृदयाची लय बिघडू शकते. हृदय नुसते थरथरत राहते आणि रक्त पुढे ढकलले जात नाही. मेंदूला रक्त न मिळाल्यास काही मिनिटांतच इजा सुरू होते.

ही काही मिनिटे वाचवण्याचा मार्ग शोधण्यात विद्युत अभियंता विल्यम कौवेनहोवन यांचे आयुष्य गेले. जन्म १८८६ चा, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधला. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ते शिकवत. १९२० च्या दशकात अमेरिकेत वीज झपाट्याने पसरत होती आणि तारांवर काम करणारे लाइनमन शॉकने दगावत होते. त्यामुळे वीज कंपन्यांनी संशोधनासाठी पैसा दिला. कौवेनहोवन डॉक्टरांच्या साथीने कामाला लागले. थरथरणारे हृदय मोजून दिलेल्या दुसऱ्या शॉकने पुन्हा लयीत येते, हे त्यांच्या गटाने १९३३ मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांत दाखवले. छाती न उघडता असा शॉक देणारे त्यांचे यंत्र १९५७ मध्ये तयार झाले.

पण ते अवजड यंत्र रुग्णालयातले; शॉक बसतो कामाच्या जागी. यंत्र मिळेपर्यंत काय करायचे? १९५८ मध्ये त्यांचा तरुण सहकारी गाय निकरबॉकर याच्या लक्षात आले, की यंत्राच्या पट्ट्या कुत्र्याच्या छातीवर दाबल्या की रक्तदाब किंचित वाढतो. म्हणजे नुसत्या दाबानेही रक्त फिरत होते. शल्यचिकित्सक जेम्स ज्यूड यांच्यासह तिघांनी १९६० मध्ये २० रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांपैकी १४ जण वाचले होते आणि या उपचाराला लागले होते फक्त दोन हात.

१९६९ मध्ये जॉन्स हॉपकिन्सने या इंजिनिअरला वैद्यकशास्त्राची सन्माननीय पदवी दिली. १९७५ मध्ये त्यांचे निधन झाले.

सहकाऱ्याला शॉक बसल्यास आधी मेन स्विच बंद करावा. तोवर त्याला हात लावू नये. उच्चदाबाची लाइन असेल, तर वीजपुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत दूरच राहावे. नंतर तो हाकेला ओ देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर कोणाला तरी १०८ ला फोन करायला सांगून छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे ५ सेंटिमीटर खोल दाब द्यावा. मदत येईपर्यंत थांबू नये.