हवेतले पाणी ओळखणारा माणूस

होळी पेटली की थंडी पळाली, असे म्हणायची आपल्याकडे रीत आहे. थंडी पळते आणि घरोघर एक जुना वाद पेटतो. यंदा कूलर घ्यायचा की एअरकंडिशनर? वडील विजेच्या बिलाकडे बोट दाखवतात, मुले शेजाऱ्यांच्या खिडकीकडे. आई विचारते, कूलरमध्ये पाणी भरायचे कोणी? वाद दोन-तीन रविवार चालतो आणि बहुधा दुकानातला विक्रेताच त्याचा निकाल लावतो.

आमच्या नात्यातले एक कुटुंब बदलीमुळे अकोल्याहून ठाण्याला आले. येताना त्यांनी ट्रकमध्ये आपला पत्र्याचा भला मोठा डेझर्ट कूलर आठवणीने चढवला. अकोल्याच्या मे महिन्यात या कूलरने त्यांना गारेगार झोपवले होते. ठाण्यात मात्र आठवडाभरातच गाद्या दमट झाल्या, डब्यातले पापड मऊ पडले आणि अंगाची चिकचिक काही जाईना. मेकॅनिकला बोलावले. त्याने कूलर उघडून पाहिला आणि यात काहीच बिघडलेले नाही म्हणून निघून गेला. त्याचे बरोबरच होते. कूलर तोच होता, वाळ्याच्या ताट्याही नव्या होत्या. बदलली होती ती हवा.

हवा बदलली म्हणजे नेमके काय बदलले, हे आकड्यांत मांडून दाखवणारा माणूस म्हणजे विलिस कॅरिअर. त्याचे आडनाव आज यंत्रांवरचे एक नाव म्हणून ओळखीचे आहे, पण त्यामागचा माणूस फारसा कोणाला माहीत नाही. एअरकंडिशनरचा जनक म्हणून त्याचा उल्लेख होतो. गंमत अशी की, कूलर घ्यावा की एअरकंडिशनर, या आपल्या घरगुती वादाचे उत्तरही त्याच्याच आयुष्यात सापडते.

विलिसचा जन्म २६ नोव्हेंबर १८७६चा, अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातल्या अँगोला गावाजवळच्या एका शेतावरचा. त्यानंतर जेमतेम पाच आठवड्यांनी, १ जानेवारी १८७७ रोजी, आपल्याकडे नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नव्हता. पण कोरड्या हवेत सूत तुटते ही नागपूरच्या गिरणीची अडचण आणि पुढे या मुलाच्या हातून घडलेले काम एकाच जातीचे होते. त्याकडे आपण येऊच.

विलिस हे शेतकरी आईबापांचे एकुलते एक लेकरू. आई हरहुन्नरी होती. घरातली बिघडलेली घड्याळे आणि शिवणयंत्रे ती स्वतःच दुरुस्त करी. विलिसला शाळेत अपूर्णांक काही केल्या कळेनात. आईने त्याला तळघरातून सफरचंदे आणायला लावली. मग त्यांचे अर्धे, पाव, अर्धपाव तुकडे करून तिने बेरीज-वजाबाकी शिकवली. प्रश्न डोळ्यांसमोर ठेवून त्याचे तुकडे करत जायचे, ही सवय त्याला जन्मभर पुरली. विलिस अकरा वर्षांचा असताना ती आई गेली.

घरची परिस्थिती ओढगस्तीची होती. कॉलेजला जाण्यापूर्वी त्याने काही काळ शाळेत शिकवले. मग शिष्यवृत्ती मिळवून आणि पडेल ते काम करून तो कॉर्नेल विद्यापीठातून १९०१ साली इंजिनीअर झाला. त्याच वर्षी बफेलो शहरातल्या 'बफेलो फोर्ज' या कंपनीत आठवड्याला १० डॉलर पगारावर त्याला नोकरी लागली. कंपनी पंखे आणि हवा तापवण्याची साधने बनवी. अमेरिकेच्या त्या भागात थंडी मरणाची, त्यामुळे हवा गरम कशी करायची एवढाच तिथल्या इंजिनीअरांचा प्रश्न असे.

१९०२च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्याची तक्रार कंपनीकडे आली. सॅकेट अँड विल्हेल्म्स हे त्या छापखान्याचे नाव. रंगीत छपाईत एकाच कागदावर एकामागून एक रंग चढवतात. हवा दमट झाली की कागद फुगे, कोरडी झाली की आकसे. मग लाल रंग एकीकडे, निळा दुसरीकडे. चित्रातल्या बाईचे ओठ गालावर जायचे! कागद, शाई, मजुरी सारेच वाया जात होते. काम आले पंचविशीतल्या कॅरिअरकडे.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. छापखान्यातल्या माणसांना उकडते, अशी ती तक्रारच नव्हती. कागदाला दमट हवा सोसत नव्हती. आज आपण ज्याला एसी म्हणतो त्याचा जन्म माणसाला गारवा देण्यासाठी नव्हे, तर हवेतले पाणी काढून घेण्यासाठी झाला. थंड पाण्याच्या पेल्याला बाहेरून घाम फुटतो, तो हवेतल्या पाण्याचा असतो. कॅरिअरने हेच तत्त्व वापरले. नळ्यांच्या वेटोळ्यांतून थंड पाणी खेळवायचे आणि त्यांवरून हवा सोडायची. हवेतली जास्तीची वाफ नळ्यांवर दव होऊन निथळते. हवेतली सापेक्ष आर्द्रता वर्षभर ५५ टक्क्यांवर राहावी, असे गणित त्याने मांडले. हा आराखडा १७ जुलै १९०२ रोजी पूर्ण झाला. या योजनेची थंड करण्याची ताकद दिवसाला १ लाख ८ हजार पौंड, म्हणजे अमेरिकी हिशेबाने ५४ टन बर्फ वितळण्याइतकी होती. दुकानात आपण दीड टनाचा एसी मागतो तो टन हाच. यंत्राच्या वजनाशी त्याचा संबंध नाही. चोवीस तासांत एवढे बर्फ वितळून जितका गारवा मिळेल, तितका ते यंत्र देते.

त्याच वर्षाच्या अखेरीस एका संध्याकाळी कॅरिअर पिट्सबर्गच्या रेल्वे फलाटावर गाडीची वाट पाहत उभा होता. दाट धुके पसरले होते. धुक्यातली हवा पाण्याने काठोकाठ भरलेली असते, पण थंड असल्यामुळे तिच्यात मुळात पाणी मावतेच थोडे. मग थंड पाण्याच्या तुषारांतून हवा नेली आणि तुषारांचे तापमान आपल्या हाती ठेवले, तर हवेत किती पाणी राहावे हे आपण ठरवू शकू! पाणी शिंपडून हवा कोरडी करायची, हे ऐकायला उफराटे वाटते. कॅरिअरच्या डोक्यात ते फलाटावरच बसले. या तुषारयंत्राचे पेटंट त्याला २ जानेवारी १९०६ रोजी मिळाले.

आता गोष्टीला कलाटणी मिळते. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या सूतगिरण्यांची अडचण छापखान्याच्या नेमकी उलट होती. हजारो चात्यांच्या उष्णतेने तिथली हवा कोरडी होई आणि सूत तटातट तुटे. तिथे हवेतले पाणी काढायचे नव्हते, तिला पाणी पाजायचे होते. १९०६ साली नॉर्थ कॅरोलिनातल्या बेलमाँट येथील क्रॉनिकल कॉटन मिलमध्ये कॅरिअरचे तुषारयंत्र बसले. कोरड्या हवेत पाण्याची वाफ होताना ती हवेतलीच उष्णता घेते. त्यामुळे हवा ओलसर झाली आणि थंडही. त्याच वर्षी स्टुअर्ट क्रेमर नावाच्या वस्त्रोद्योगातल्या इंजिनीअरने या कामाला एअर कंडिशनिंग हे नाव दिले. म्हणजे ज्या कामावरून हे भारदस्त नाव पडले, ते आपल्या कूलरच्या कुळातले! कोरड्या नागपुरातल्या एम्प्रेस मिलनेही हवा ओलसर ठेवणारी यंत्रे बसवली होती. पुढे विदर्भातल्या घराघरांत खिडकीला जी पत्र्याची पेटी लागली, तिचे शास्त्रही तेच.

एका ठिकाणी पाणी काढले, दुसऱ्या ठिकाणी घातले. या दोन्ही कामांमागे एकच गणित असले पाहिजे, या ध्यासाने कॅरिअर काही वर्षे तापमान आणि आर्द्रतेचे आकडे जुळवत राहिला. डिसेंबर १९११मध्ये अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनीअरांच्या संस्थेपुढे त्याने आपली सूत्रे मांडली. जगभरचे वातानुकूलन-इंजिनीअर आजही त्या पायावर उभे राहून हिशेब करतात.

त्या गणिताचा आपल्या उपयोगाचा भाग अगदी सोपा आहे. दोन साधे तापमापक घ्या. तापाचे नव्हेत, भिंतीवर टांगतात ते. एकाच्या तळच्या फुग्याला मलमलीची ओली चिंधी गुंडाळा आणि दोन्ही सावलीत पंख्याच्या वाऱ्यावर धरा. चिंधीतले पाणी उडू लागले की ओल्या तापमापकाचा आकडा उतरतो. तो जिथे थांबेल, त्याच्या खाली कोणताही साधा कूलर हवा नेऊ शकत नाही. चांगला कूलर दोन आकड्यांतल्या फरकाच्या साधारण तीन चतुर्थांश इतका गारवा देतो.

नागपुरात मे महिन्याच्या दुपारी तापमान ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असली, तर ओला तापमापक २३ अंशांच्या आसपास थांबतो. कूलरमधून २८-२९ अंशांची हवा येते. आणखी काय हवे? मुंबई-ठाण्यात ३३ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असेल, तर ओला तापमापक २८च्या वरच अडकतो. कूलर फार तर तीन-साडेतीन अंश उतरवतो आणि बदल्यात खोलीत ओल भरतो. घाम वाळणार कसा? आमच्या अकोलेकर नातलगांचे कोडे इथे सुटते.

कॅरिअरची पुढची वाट सरळ नव्हती. पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर त्याच्या कंपनीने या कामातून अंग काढून घेतले. तेव्हा १९१५ साली तो आणि त्याचे सहा सहकारी बाहेर पडले. त्यांनी आपापली पुंजी गोळा करून ३२,६०० डॉलरवर स्वतःची कंपनी काढली. त्या काळच्या शीतयंत्रांत अमोनिया वापरत. तो गळला तर जिवावर बेतायचे, म्हणून गर्दीच्या जागी तो चालणारा नव्हता. १९२२ साली कॅरिअरने त्यामानाने सुरक्षित द्रव वापरणारे नवे यंत्र तयार केले आणि थंडावा कारखान्यातून लोकांत आला.

१९२५च्या मे महिन्याअखेर न्यूयॉर्कच्या रिव्होली चित्रपटगृहात त्याची परीक्षा झाली. यंत्र सुरू व्हायला उशीर झाला होता. प्रेक्षक सवयीने हातपंखे घेऊन आले होते आणि सारे थिएटर पंखे हलवत होते. चित्रपटसृष्टीतले बडे प्रस्थ अ‍ॅडॉल्फ झुकर बाल्कनीत बसून पाहत होते. हळूहळू एकेक पंखा थांबला आणि मांडीवर विसावला. कॅरिअर आणि त्याच्या साथीदारांच्या जिवात जीव आला.

१९२८ साली त्याने घरासाठी यंत्र आणले, पण पाठोपाठ महामंदी आली. घराघरांतला थंडावा लांबणीवर पडला तो दुसऱ्या महायुद्धानंतरपर्यंत. ७ ऑक्टोबर १९५० रोजी कॅरिअर वारला. आपले यंत्र साध्या बिऱ्हाडांत पोहोचलेले पाहणे त्याच्या नशिबी नव्हते.

मग आपण काय करावे? विदर्भ, खानदेश, मराठवाड्यात उन्हाळ्याचे मुख्य महिने कूलर उत्तम. तो दीड-दोनशे वॉटवर चालतो, म्हणजे रात्रीच्या आठ तासांना साधारण दीड युनिट. दीड टनाचा एसी पूर्ण ताकदीने चालला तर तेवढ्याच वेळात दहा-बारा युनिट खातो; इन्व्हर्टरचा असेल तर पुष्कळ कमी. मात्र कूलरची बचत पाण्यात वसूल होते. मोठा कूलर भर उन्हात तासाला दहा-पंधरा लिटर पाणी सहज पितो. जिथे टँकरची वाट पाहावी लागते, तिथे हा हिशेब आधी करावा. कूलरला समोरची एखादी खिडकी उघडी लागते, नाहीतर ओल खोलीतच कोंडते. टाकी दर आठवड्याला रिकामी करून घासलीच पाहिजे, कारण डेंग्यूच्या डासाला तीच जागा आवडते. मृग बरसला की कूलर बंद करावा. हवेत पाणी आले की त्याचे काम संपते.

कोकण, मुंबई, गोवा इथे परवडत असेल तर एसी, नाहीतर चांगला पंखा. तिथे कूलरवर पैसे घालू नयेत. एसी लावताना दारे-खिडक्या बंद ठेवाव्यात आणि जाळी वेळेवर धुवावी. १८ अंशांचा हट्टही नको. आपल्याकडे स्टार लेबलच्या खोलीच्या एसीवर कारखान्यातूनच २४ अंश लावून देण्याचा नियम जानेवारी २०२०पासून आला तो विचारपूर्वकच. दमट हवेतले पाणी निघाले की २५-२६ अंशांतही पंख्याखाली शांत झोप लागते. पुण्यासारख्या ठिकाणी उन्हाळ्यातली दुपार कोरडी असते, तिथे दोन तापमापकांनाच विचारावे.

आमच्या नातलगांनी अखेर तो कूलर अकोल्याच्या धाकट्या भावाकडे परत धाडला. तिथे तो अजून चालतो. ठाण्यात त्यांनी लहानसा एसी घेतला आणि वहिनींचे पापड पुन्हा कुरकुरीत झाले. दोन्ही घरांत समाधान आहे, कारण दोन्ही घरांनी आपल्या हवेचे ऐकले.