नागमोडी चाकांचे चॅपमन

जुन्या एकआसनी शर्यतीच्या मोटारीची पारख करायला आलेला जाणकार आधी इंजिनाकडे पाहत नाही. तो वाकून चाके पाहतो. अशा मोटारीचे इंजिन तिच्या आयुष्यात अनेकदा बदललेले असते, पत्रा नव्याने ठोकलेला असतो आणि रंगाचे किती थर चढले याची गणती नसते. चाकेही बदलतातच. पण ती उघड्यावर असतात आणि त्या काळच्या जवळजवळ प्रत्येक छायाचित्रात स्पष्ट दिसतात. त्यामुळे चुकीचे चाक लगेच पकडता येते. १९५७ ते १९६३ या काळातील लोटस मोटारींच्या बाबतीत तर चाक हीच सही आहे. त्या चाकाला आरे नाहीत, तारा नाहीत. हबपासून रिमपर्यंत धातूचा एकच पातळ पडदा आणि तोही लाटांसारखा नागमोडी. इंग्रज मंडळींनी त्याचे नाव ठेवले ‘वॉबली वेब’, म्हणजे डगमगता पडदा. नाव फसवे आहे. हे चाक डगमगत नसे. या चाकामागचा माणूस मात्र आयुष्यभर हलकेपणा आणि धोका यांच्या मधल्या अरुंद वाटेवरून चालला. त्याचे नाव कॉलिन चॅपमन.

अँथनी कॉलिन ब्रूस चॅपमन यांचा जन्म १९ मे १९२८ रोजी लंडनजवळच्या रिचमंड येथे झाला. वडील लंडनच्या हॉर्न्सी भागात रेल्वे हॉटेल नावाची खाणावळ-मद्यगृह चालवीत. चॅपमन यांनी युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये स्ट्रक्चरल इंजिनीअरिंगचे शिक्षण घेतले, तेथेच विमान चालवण्याचेही धडे घेतले आणि काही काळ हवाई दलात काढला. पुढे ब्रिटिश अॅल्युमिनियम कंपनीत नोकरी धरली. पूल, विमान आणि हलका धातू या तीन गोष्टी एकाच तरुणाच्या डोक्यात एकत्र आल्या, हे पुढच्या सगळ्या कथेचे मूळ म्हणावे लागेल.

जुन्या ऑस्टिन सेव्हनवर खटपट करून १९४८ मध्ये त्यांनी पहिली मोटार उभी केली. १९५२ मध्ये लोटस कंपनी स्थापन झाली ती वडिलांच्या मद्यगृहामागच्या जुन्या तबेल्यात. भांडवल म्हणून त्यांची मैत्रीण आणि नंतरची पत्नी हेझल हिने २५ पौंड उसने दिले. दिवसा नोकरी आणि रात्री मोटारी, असा काही वर्षे क्रम होता. डी हॅविलंड या विमान कंपनीतून आलेला माइक कॉस्टिन त्यांना येऊन मिळाला. १९५५-५६ च्या सुमारास व्हॅनवॉल संघाने आपल्या ग्रां प्री मोटारीचा सांगाडा आखण्याचे काम या तरुणाकडे सोपवले. याच व्हॅनवॉलने १९५८ मध्ये कन्स्ट्रक्टर्सचे पहिलेवहिले विजेतेपद मिळवले.

लोटसची पहिली एकआसनी मोटार, लोटस १२, १९५७ च्या हंगामात फॉर्म्युला टूसाठी उतरली. तोवर शर्यतीच्या मोटारीचे चाक म्हणजे सायकलसारख्या तारांच्या आऱ्यांचे आणि मधोमध एका मोठ्या नटने आवळलेले, असा दंडक होता. हातोड्याच्या दोन घावांत चाक निघे, हा त्याचा फायदा. चॅपमन यांनी साधा प्रश्न केला असणार: शर्यत छोटी आहे, चाक बदलण्याची वेळच येत नाही, तर त्या सोयीचे वजन का वाहायचे? त्यांनी चाक हबला बोल्टने जखडले आणि ते मॅग्नेशियमच्या मिश्रधातूत ओतून घेतले. मॅग्नेशियम हे अॅल्युमिनियमच्या सुमारे दोन तृतीयांश वजनाचे. चाक, टायर आणि हब यांचे वजन स्प्रिंगच्या वर तोललेले नसते. रस्त्याचा प्रत्येक उंचवटा त्यांना थेट उचलतो. म्हणून चाकात वाचवलेला एक किलो हा इतरत्र वाचवलेल्या किलोपेक्षा मोलाचा.

पडदा नागमोडी का, याचे उत्तर स्ट्रक्चरल इंजिनीअरच देऊ शकतो. रिमवरचा भार हबकडे येताना वर्तुळ लहान होत जाते, म्हणून धातू हबजवळ जाड लागतो आणि रिमजवळ पातळ चालतो. पण पातळ सपाट चकती आडव्या जोराने वाकते. तिला लाटा दिल्या की तीच चकती ताठ राहते. पन्हाळी पत्रा साध्या पत्र्यापेक्षा ताठ असतो तसेच. सजावट म्हणून त्यात काहीही नव्हते. तरीही हे चाक देखणे आहे, असे या वार्ताहराला वाटते.

मे १९५८ मध्ये मोनॅकोला लोटसने फॉर्म्युला वनमध्ये पाऊल टाकले. दोन वर्षांनी, २९ मे १९६० रोजी, त्याच मोनॅकोत स्टर्लिंग मॉसने रॉब वॉकरच्या खासगी संघाच्या लोटस १८ मधून जागतिक स्पर्धेतील लोटसचा पहिला विजय नोंदवला. या आनंदाला तीन आठवडेही पुरे झाले नाहीत.

१८ जून १९६० रोजी बेल्जियममधील स्पा येथे सराव चालू होता. बर्ननव्हिल या वेगवान वळणावर मॉसच्या लोटस १८ चे मागचे चाक निखळले. मॉसचे दोन्ही पाय मोडले. नागमोडी चाक स्वतः फुटले नव्हते. ते ज्यावर बसले होते तो हबचा भाग तुटला होता. इतर लोटस मोटारी तपासल्या तेव्हा तिथेही तडे आढळले. त्याच सरावात माइक टेलरच्या लोटसचे स्टिअरिंग तुटले आणि तो गंभीर जखमी झाला. दुसऱ्या दिवशी शर्यतीत लोटसचा अॅलन स्टेसी तोंडावर पक्षी आदळून मरण पावला. त्यात चॅपमन यांचा दोष नव्हता, पण आधीच्या दोन अपघातांबाबत तसे म्हणता येत नाही. मॉस मात्र काही आठवड्यांत परतला आणि नोव्हेंबरमध्ये लोटस १८ मधूनच अमेरिकन ग्रां प्री जिंकला.

आज ऐतिहासिक शर्यतींसाठी लोटस १८ सज्ज करणाऱ्यापुढे पेच उभा राहतो तो इथेच. मूळ काळाशी इमान राखायचे तर चाके नागमोडी, १५ इंची आणि मॅग्नेशियमची हवीत. पण मॅग्नेशियम म्हाताऱ्या माणसाच्या हाडासारखे असते. शाळेच्या प्रयोगशाळेत मॅग्नेशियमची फीत झगझगीत जळताना आपण सर्वांनी पाहिली आहे. ओतीव चाक तितक्या सहज पेटत नाही, पण दमट हवेत आणि लोखंडी बोल्टच्या संगतीत ते हळूहळू गंजते आणि वर्षानुवर्षांच्या ताणाने आतून तडकते. तडा रंगाखाली लपतो. म्हणून चाकावरचा रंग काढून, तड्यात झिरपणारे रंगद्रव्य लावून किंवा क्ष-किरणांनी ते तपासतात. त्यात नापास झालेले चाक कितीही अस्सल असले तरी भिंतीवरच शोभते, आणि त्याच आकाराचे नवे ओतीव चाक मोटारीला लागते. अस्सल नसलेले, तरीही काळाला धरून असलेले! संग्राहकांना हा फरक रुचत नाही. चालकाला रुचतो.

ओळख पटवण्यातही गंमत आहे. नियमाने पाहिले तर १९६२ च्या लोटस २५ ला नागमोडी १५ इंची चाके हवीत. १९६४ मध्ये रुंद टायरांसाठी १३ इंची चाके आली आणि लोटस ३३ त्यांच्याभोवतीच आखली गेली. मग १३ इंची चाकांवर उभी असलेली लोटस २५ खोटी समजायची का? तसे नाही. लोटसने वापरून झालेल्या काही २५ मोटारी रेग पार्नेल संघाकडे गेल्या, त्यांत बीआरएमचे इंजिन बसले आणि चाकेही बदलली. त्या विशिष्ट मोटारीच्या १९६५ च्या रूपात १३ इंची चाकेच बरोबर ठरतात. व्हॅनवॉलचे उदाहरण याहून मासलेवाईक. १९५८ मध्ये तिला पुढे तारांची आणि मागे ओतीव अशी बेजोड चाके दिसतात. अनभिज्ञ माणूस ती जोडी जुळवून ‘दुरुस्त’ करायला जाईल आणि इतिहास बिघडवील. त्याच सुमारास कूपरच्या मोटारी आऱ्यांच्या ओतीव चाकांवर धावत होत्या, तर फेरारी १९६१ मध्ये विजेतेपद मिळवतानाही बोरानीच्या तारांच्या चाकांवरच होती. म्हणजे नुसते साल पुरत नाही. कोणत्या क्रमांकाची मोटार, कोणाच्या ताब्यात, कोणत्या शर्यतीत, एवढे विचारावे लागते. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघही ऐतिहासिक मोटारींसाठी तांत्रिक पारपत्र देतो आणि त्यात मोटारीचा तपशील नोंदलेला असतो.

चॅपमन यांची पुढची कारकीर्द सर्वज्ञात आहे. १९६२ च्या लोटस २५ ने नळ्यांचा सांगाडा टाकून विमानासारखी पत्र्याची पेटी आणली आणि तिच्या जोरावर जिम क्लार्क १९६३ मध्ये विश्वविजेता झाला. १९६५ मध्ये तो पुन्हा जिंकला आणि त्याच वर्षी इंडियानापोलिसही. १९६६ मध्ये कारखाना नॉरफोकमधील हेथेलच्या जुन्या विमानतळावर गेला. ७ एप्रिल १९६८ रोजी हॉकेनहाइमला फॉर्म्युला टूच्या शर्यतीत क्लार्कचा मृत्यू झाला. मागच्या टायरमधील हवा गेल्याचे कारण सर्वसाधारणपणे मानले जाते. चॅपमन यांचा हा सर्वांत जवळचा चालक. या आघातातून ते कधी पुरते सावरले नाहीत, असे त्यांच्या निकटवर्तीयांचे मत होते.

१९६९ मध्ये बार्सिलोनात पंख तुटून झालेल्या अपघातानंतर योखेन रिंटने चॅपमन यांना पत्र लिहून मोटारींच्या नाजूकपणाबद्दल उघड नाराजी कळवली होती. ५ सप्टेंबर १९७० रोजी मोंझा येथे सरावात लोटस ७२ च्या पुढच्या चाकाला ब्रेकशी जोडणारा शाफ्ट तुटला आणि रिंट दगावला. चाकाचे वजन घटवण्यासाठीच ब्रेक चाकातून काढून आत नेले होते. संरक्षक कठडा नीट बसवलेला नसल्याने आघात जीवघेणा ठरला, हेही खरे. त्या वर्षीचे विजेतेपद रिंटला मरणोत्तर मिळाले. असा तो आजवरचा एकमेव चालक.

१९७८ मध्ये लोटस ७९ ने चॅपमन यांच्या हयातीतील सातवे आणि अखेरचे कन्स्ट्रक्टर्स विजेतेपद आणले. त्यानंतर डीलोरियन प्रकरणाची काजळी लागली. १६ डिसेंबर १९८२ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने, वयाच्या ५४ व्या वर्षी, चॅपमन यांचे निधन झाले. त्यामुळे ते खटल्यापुढे आलेच नाहीत. त्यांचे आर्थिक सहकारी फ्रेड बुशेल यांना १९९२ मध्ये तीन वर्षांची शिक्षा झाली, आणि चॅपमन हयात असते तर त्यांना किमान दहा वर्षे भोगावी लागली असती, असे मत न्यायाधीशांनी नोंदवले.

मोनॅकोत १९९७ पासून जुन्या मोटारींची ग्रां प्री भरते. मॉसच्या विजयाचा तोच रस्ता, तीच नागमोडी चाके. त्यांच्यामागच्या मूळ १९६० च्या हबवर विसंबून तेथे उतरण्याचे धाडस मात्र शहाणा मेकॅनिक करीत नाही.