दोन लाख लावण्यांचा धनी

आपल्या होस्टेलच्या कुठल्याही मजल्यावर रात्री अकरानंतर चक्कर मारा, एखाद्या खोलीतून तरी रॅप ऐकू येणारच. पुण्याच्या ताडीवाला रोडच्या वस्तीतला एमसी स्टॅन २०२३ साली ‘बिग बॉस’ जिंकला, तेव्हापासून तर प्रत्येक मजल्याला आपापला रॅपर आहे. आणि प्रत्येक मजल्यावर तोच एक वादही आहे : पोरगं वस्तीत गात होतं तोवर अस्सल होतं, पैसा आला आणि बिघडलं. हा वाद सुरू झाला की मला हटकून एक फेटेवाला माणूस आठवतो. त्याला जाऊन ऐंशी वर्षं झाली. पण शब्दाला शब्द भिडवणं, समोरच्याला भर मैफलीत गप्प करणं, वस्तीतून उठून मुंबई गाजवणं आणि मग त्या पैशाचं काय झालं, हे सगळं त्याच्या आयुष्यात आधीच होऊन गेलंय. त्याचं नाव पठ्ठे बापूराव.

खरं नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. जन्म ११ नोव्हेंबर १८६६, कृष्णाकाठच्या रेठरे हरणाक्ष या गावी. हे गाव आज सांगली जिल्ह्यात वाळवा तालुक्यात येतं, तेव्हा ते सातारा जिल्ह्यात होतं. घरात गावचं कुलकर्णीपण, म्हणजे जमीन महसुलाचे कागद, दप्तर, गावात मान. पैसा मात्र बेताचाच. पहाटे बायका जात्यावर ओव्या म्हणत, त्या ऐकून पोरगं त्याच चालीवर स्वतःचं काहीतरी जुळवायला लागलं. औंध संस्थानच्या आश्रयाने थोडंफार इंग्रजी शिक्षणही झालं. म्हणजे शिकलेला ब्राह्मणाचा मुलगा, हाताशी वतन. त्या काळी याहून सुरक्षित ‘प्लेसमेंट’ कुठलं?

पण याचे पाय वळायचे तमाशाकडे. तमाशाचे फड तेव्हा प्रामुख्याने महार-मांग कलावंतांचे. गाव जत्रेत तमाशा बघायचं, दौलतजादा करायचं आणि सकाळी त्याच कलावंताला पाणवठ्यावर उभं करायचं नाही. श्रीधर सुरुवातीला फक्त लावण्या लिहून द्यायचा. फड गायचा, लोक माना डोलवायचे आणि हळूहळू पंचक्रोशीत बोलबाला झाला की ही रचना कुलकर्ण्यांच्या पोराची. दिवसा दप्तर आणि रात्री लावणी. आजच्या भाषेत याला अंडरग्राउंड म्हणायला हरकत नाही. नाव जाणकारांच्या तोंडी, पण चारचौघांत घ्यायची सोय नाही.

हे लपून राहणारं प्रकरण नव्हतंच. जातवाले संतापले, घरचे दुखावले. आई-वडील गेल्यावर त्याने दोन्ही दगडांवरचे पाय काढले, कुलकर्णीपण सोडलं आणि सरळ फडात उभा राहिला. इथे मला थांबावंसं वाटतं. गाण्यासाठी नोकरी सोडणारे आपण पाहतो. (आमच्याच बॅचच्या एकाने सहाव्या सेमिस्टरला ती धमकी दिली होती, मग कॅम्पसला पहिल्या रांगेत बसला.) पण तेव्हाच्या महाराष्ट्रात ब्राह्मणाने अस्पृश्य मानलेल्या लोकांबरोबर राहायचं, जेवायचं, बोर्डावर उभं राहायचं, म्हणजे परतीचं दार स्वतःच्या हाताने बंद करायचं. ते त्याने केलं, आणि पुढे स्वतःच्या रचनांत ते ताठ मानेने सांगितलंही. या एका गोष्टीसाठी तरी तो आपल्या सलामाला पात्र आहे.

ज्यांनी तमाशा फक्त सिनेमात पाहिला त्यांच्यासाठी थोडं. आधी गण, मग गवळण, बतावणी, मग लावण्यांची रंगबाजी आणि शेवटी वग, म्हणजे रात्रभर चालणारी गोष्ट. ढोलकी, हलगी, तुणतुणं, कडं एवढ्यावर सगळा डोलारा. यातला सर्वात चुरशीचा भाग सवाल-जवाबाचा. कलगीवाले आणि तुरेवाले समोरासमोर. एकाने पुराणातलं, नाहीतर हिशेबातलं कोडं लावणीत घालायचं, दुसऱ्याने तिथल्या तिथे, ताल न सोडता, लावणीतच सोडवायचं. याला भेदिक म्हणतात. बॅटल रॅपमध्ये समोरच्याची आई-बहीण निघते. इथे ब्रह्मांड, माया आणि रामायण-महाभारत निघायचं. शाहिराची तयारी नसेल तर पब्लिक उठून जायचं. बापूराव या आखाड्यातला पठ्ठा.

किती लिहिलं? दोन लाख लावण्या, असं त्याने स्वतःच एका रचनेत सांगून ठेवलंय. आपण इंजिनिअरिंगवाले, लगेच कॅल्क्युलेटर काढतो. पन्नास वर्षं एकही सुट्टी न घेता लिहिलं तरी रोज अकरा लावण्या पडतात. तेव्हा आकडा शाहिरी मापाचा धरू. पण गण, गवळणी, लावण्या, वग मिळून त्याने प्रचंड लिहिलं यात शंका नाही. तमाशाच्या बोर्डावर त्याचे गण आणि गवळणी अजून गायल्या जातात, गाणाऱ्याला कधी कधी कर्ता कोण तेही माहीत नसतं.

आता मुंबई. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिरण्यांत घाटावरचे आणि कोकणातले हजारो कामगार राबत होते. बायकापोरं गावाला आणि हा खोलीत दहा-पंधरा जणांत. त्याला त्याच्या बोलीतली करमणूक हवी होती. ग्रँट रोडला पिला हाऊस (प्ले हाऊसचं आपल्या लोकांनी केलेलं पिला हाऊस) आणि आसपास थेटरं उभी होती. बापूरावांचा फड मुंबईत आला आणि बटाट्याच्या चाळीतल्या थेटरात गाजायला लागला. (ही पु.लं.ची चाळ नव्हे, बरं का.) त्यांचा ‘मिठाराणीचा वग’ तुफान चालला. १९०८-०९ च्या सुमारास तो खुद्द छत्रपती शाहू महाराजांसमोर झाला.

गाव आणि मुंबई यांत नेमका काय फरक पडला, यावर मी बराच विचार केलाय. गावजत्रेत गावकरी सुपारी देतात, बघणाऱ्याला फुकट. आमच्या अकोले तालुक्यात (विदर्भातलं अकोला नव्हे, ते वेगळं) अजून तसंच चालतं. यात्रा कमिटीची मंडळी कोतूळ-ब्राह्मणवाडा-ओतूर करत नारायणगावला जातात, राहुट्यांत बसून फड ठरवतात. फड आज या गावात, उद्या त्या गावात, त्यामुळे एकच वग हंगामभर पुरतो. मुंबईत उलट. फड एका जागी आणि तिकीट काढून येणारा तोच तो कामगार. त्याला दर थोड्या दिवसांनी नवीन माल पाहिजे. माझा अंदाज असा की बापूरावांच्या लेखणीचा तो वेग या तिकीट खिडकीने वाढवला असणार. म्हणजे धंद्याने कला बिघडते हे सरसकट खरं नाही, धंद्याने ती लिहूनही घेतली.

पण तिकीट खिडकीवरची गर्दी एकट्या शब्दांवर येत नव्हती. आणि इथे गोष्ट आपल्या अंगणात येते.

अकोल्याहून पुण्याला जाताना संगमनेरच्या पुढे हायवेवर हिवरगाव पावसाचा टोलनाका लागतो. आपल्यातले निम्मे जण सुट्टीला तिथूनच जातात, आणि एसटीत तिथवर झोपलेले असतात. या हिवरगावची पवळा. जन्म १८७० चा, महार कुटुंबातला. लहानपणीच खंडोबाला मुरळी म्हणून वाहिलेली. तमाशात तोवर बाईची कामं नाच्या पोऱ्या करायचा. बोर्डावर उभी राहिलेली पहिली स्त्री म्हणून पवळाबाईंचं नाव घेतलं जातं. रूप होतं, आवाज होता, आणि लावणी पोचवायची ताकद होती. बापूराव आणि पवळा ही जोडी झाली आणि फडाने मुंबई डोक्यावर घेतली. हे नातं फडापुरतं नव्हतं, सगळ्या महाराष्ट्रात त्याची चर्चा होती. बापूरावांनी तिच्यावर लावण्या रचल्या. एकाचे शब्द आणि दुसरीचा गळा. कोण कोणामुळे मोठं झालं हे ठरवायला बसलो तर मी तरी पवळाबाईंच्या बाजूने बोलेन. आमच्या बाजूची म्हणून नव्हे. शब्द तर रेठऱ्यातही होते, पण मुंबई उसळली ती दोघं एकत्र आल्यावर.

पैसा आला. भरजरी पोशाख आला, बोटांत अंगठ्या आल्या. आणि याच ऐन भरातली एक हकीकत आंबेडकरी चळवळीत आजही सांगतात. महाडच्या सत्याग्रहाचा, म्हणजे १९२७ च्या आसपासचा काळ. चळवळीला पैशाची नड होती. बापूराव थाटात, फडातल्या बायकांना सोबत घेऊन बाबासाहेबांना भेटायला गेले आणि आपल्या काही खेळांचं उत्पन्न चळवळीला देऊ केलं. बाबासाहेबांनी ते घेतलं नाही. महार समाजाच्या बायकांना नाचवून मिळालेला पैसा त्याच समाजाच्या मानासाठीच्या लढ्यात कसा वापरायचा, असा त्यांचा रोख होता.

ही हकीकत मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला बापूरावांसाठी वाईट वाटलं. ज्याने तमाशासाठी जात सोडली त्यालाच असं परत पाठवायचं? नंतर पवळाबाईंच्या बाजूने विचार केला. बापूरावांनी जात सोडली ती स्वतःच्या मर्जीने, आणि सोडल्यावर त्यांचं कौतुक झालं. पवळाबाईंना काय सोडता येणार होतं? मुरळी म्हणून वाहताना त्यांना कुणी विचारलं नव्हतं. बोर्डावर टाळ्या घेणारी ही बाई बोर्डावरून उतरली की लोकांच्या लेखी नाचणारीच होती. थेटरमालकाला कमाई, शाहिराला नाव, तिला बदनामी. आपल्या खोल्यांमधला वाद असतो तो गाणारा बदलला का याचा. बाबासाहेबांनी विचारलेला प्रश्न त्याहून पुढचा होता, पैसा कुणाच्या जिवावर आला याचा. त्यांचा नकार मला आज पटतो. बापूरावांची तळमळ खरी होती असंही मला वाटतं. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

पुढचं लवकर सांगतो, कारण ते फार काही वेगळं नाही. जोडी फुटली. पवळाबाई गेल्यावर फडाची ती रया राहिली नाही. पैसा आला तसा गेला, हात सढळ आणि हिशेब शून्य. कुलकर्ण्याच्या पोराने गावाचं दप्तर सांभाळलं, स्वतःचं नाही. तोवर बोलपट आला होता, आणि तिकीट काढणाऱ्याला दुसरी खिडकी मिळाली होती. १९३९ मध्ये पवळाबाई वारल्या. बापूराव त्यांच्यामागे सहा वर्षं जगले. २२ डिसेंबर १९४५ रोजी पुण्यात, हलाखीत, एकोणऐंशीव्या वर्षी त्यांचा शेवट झाला.

बापूरावांच्या लावण्यांपैकी थोड्या छापल्या गेल्या, त्या पुस्तकांत सापडतात. बाकीच्या गाणाऱ्यांच्या तोंडी राहिल्या तेवढ्या राहिल्या. पवळाबाईंनी काही लिहून ठेवलं नव्हतं, त्या गात होत्या. बापूरावांनी त्यांच्यावर रचलेल्या लावण्यांत त्या भेटतात, आणि त्याही बापूरावांच्या शब्दांत.